बारावीनंतर फॉरेन्सिक सायन्स: थेट तोच कोर्स घेऊ की आधी साधी बीएस्सी करू?

डिचोलीची_सायली

नमस्कार सगळ्यांना. यंदा गोवा बोर्डातून बारावी सायन्स झाले, ग्रुप पीसीबी, मॅथ्स घेतलं नव्हतं. फॉरेन्सिक सायन्सच करायचं हे माझं दहावीपासून ठरलंय पण घरी कुणाला पटत नाहीये, आई म्हणते मुलीच्या जातीने मढी कापायची का, मामा म्हणतो पोलिसांच्या मागे फिरण्यापेक्षा नर्सिंग कर, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात लागशील. एनएफएसयूचा (नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी) कॅम्पस आता फोंड्यात कुर्टीला आहे म्हणजे लांब जायची गरज नाही, पण मैत्रिणीचा भाऊ म्हणतो आधी केमिस्ट्रीत साधी बीएस्सी कर आणि एमएस्सीला फॉरेन्सिक घे. दोन्हीतलं कुठलं बरं? आणि नोकरी गोव्यात मिळते का? या लाइनमधलं कोणी असेल तर प्लीज खरं काय ते सांगा.

पिपेटवाली_मावशी

सायली, आधी आईची शंका घेते, ती मिटल्याशिवाय तुझं पुढचं काही हलणार नाही. मढी कापणं हे आपलं काम नव्हेच. पोस्टमॉर्टेम डॉक्टर करतात, बऱ्याचदा एमबीबीएस होऊन वर फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी केलेले, गोव्यात जास्त करून ते जीएमसीत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात होतं. विषाचा संशय असला की डॉक्टर पोटातलं, लिव्हरचा, किडनीचा तुकडा काढतात, बाटलीत मिठाच्या दाट द्रावणात ठेवतात, बाटली सील करून लॅबला पाठवतात, आपली राज्याची लॅब वेर्ण्याला आहे. तिथून पुढे केमिस्टचं काम सुरू होतं. मी गोव्याबाहेरच्या अशाच एका सरकारी लॅबमध्ये टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे विषं तपासायच्या सेक्शनला बरीच वर्षं होते. वास येतो, ते लपवत नाही, सुरुवातीला घरी आल्यावर जेवण जात नाही, पण सवय होते आणि हे काम अतिशय मोलाचं आहे, त्या बाटलीतलं नेमकं काय ते तू सांगेपर्यंत कुणालाच काही माहीत नसतं.

आता डिग्री. लॅब म्हणजे एक खोली नसते, टॉक्सिकॉलॉजी वेगळं, बायोलॉजी आणि डीएनए वेगळं, बॅलिस्टिक्स (बंदुका-गोळ्या), डॉक्युमेंट्स, सायबर सगळे वेगवेगळे सेक्शन, आणि भरतीची जाहिरात निघते ती सेक्शनप्रमाणे. केमिस्ट्रीच्या जागेला बऱ्याचदा केमिस्ट्रीची डिग्री मागतात, किंवा फॉरेन्सिकची एमएस्सी चालेल पण बीएस्सीला केमिस्ट्री हवी असं लिहिलेलं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एक मूळ विषय पक्का कर. बीएस्सी केमिस्ट्री, मग गोवा युनिव्हर्सिटीत ताळगावला ॲनालिटिकल केमिस्ट्री नाहीतर बायोकेमिस्ट्री, किंवा तिथून फॉरेन्सिकच्या एमएस्सीला. तू पीसीबीवाली आहेस तर बायोलॉजी कमी समजू नकोस हां. आपल्याकडे समुद्र, नद्या, तुमच्या डिचोलीकडे पाणी साठलेले खाणीचे खड्डे, बुडून मेल्याच्या केसी येतातच, आणि माणूस जिवंतपणी बुडाला की मेल्यावर पाण्यात टाकला हा प्रश्न उभा राहतो. त्यात डायटम बघतात. हे पाण्यातलं सूक्ष्म शैवाल, त्याचं कवच सिलिकाचं. हृदय चालू असताना पाणी फुप्फुसात गेलं तर डायटम रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतात, मग तो मगज नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायचा, बाकी सगळं जातं, कवचं राहतात, आणि ती त्या जागेच्या पाण्यातल्या डायटमशी जुळवून बघायची. एकट्या या टेस्टवर निकाल देत नाहीत, बाहेरून भेसळ व्हायची भीती असते, पण बॉटनी शिकलेल्या मुलीला इथे जी नजर असते ती बाकीच्यांना नसते.

कुर्टी_हॉस्टेल

मावशींचं बरंचसं पटतं पण थोडं वेगळं मत. मी फोंडा कॅम्पसला एमएस्सी करतेय, बीएस्सी माझी झूलॉजी. इथे पहिल्यापासून हातात काम मिळतं, खोटा क्राइम सीन लावून पंचनामा करायला लावतात, कागदावरचे ठसे निनहायड्रिनने जांभळे करून उठवायचे, दोन पेनांच्या शाया टीएलसीवर (रंगद्रव्यं वेगळी करणारी लेप दिलेली पट्टी) वेगळ्या करून दाखवायच्या, कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली दोन काडतुसं शेजारी शेजारी ठेवायची. साध्या बीएस्सीत यातलं फारसं काही बघायला मिळत नाही. ज्याला पहिल्यापासून हेच करायचंय त्याने एनएफएसयूचा पाच वर्षांचा बीएस्सी-एमएस्सी जोडकोर्स का घेऊ नये? फक्त कुठल्या कॅम्पसला कुठला कोर्स आहे ते त्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये बघ, सगळीकडे सगळं नसतं. ॲडमिशन एनएफएटी या प्रवेश परीक्षेवर होते, तारखा लवकर येतात त्यामुळे बोर्डाच्या रिझल्टची वाट बघत बसू नको. धारबांदोड्याच्या कायमच्या कॅम्पसची पायाभरणी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये झाली. एक मात्र कबूल, जीसी-एमएसचे (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारं मशीन) ग्राफ वाचताना केमिस्ट्रीवाली मुलं माझ्या पुढे होती आणि मला खूप घासावं लागलं.

म्हापशे_कोर्ट

मी वकील, एनडीपीएसच्या, म्हणजे ड्रग्जच्या कायद्याच्या केसी करतो, तर कोर्टाच्या बाजूने सांगतो कारण हे कॉलेजात कमी शिकवतात. एमडीएमए या ड्रगची कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे कायद्याने ठरवलेली मोठ्या प्रमाणाची मर्यादा, १० ग्रॅम, एलएसडीची ०.१ ग्रॅम. त्याच्यावर गेलं की जामीन जवळजवळ मिळतच नाही आणि शिक्षा किमान १० वर्षं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग केसमध्ये सांगितलं की शुद्ध ड्रगचं नाही, अख्ख्या मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे समोर एक माणूस आहे आणि त्याची १० वर्षं तुझ्या रिपोर्टमधल्या दोन ओळींवर आहेत. जागेवर मार्क्विस या रंग बदलणाऱ्या टेस्टच्या रसायनाचा थेंब टाकला आणि रंग जांभळा-काळा झाला एवढ्यावर एमडीएमए सिद्ध होत नाही, तो नुसता अंदाज, पक्कं करायला जीसी-एमएससारखी टेस्टच पाहिजे.

आणि मी उलटतपासणीत केमिस्ट्री कमी विचारतो, कागद जास्त विचारतो. पाकीट कधी आलं, लाखेचं सील शाबूत होतं का, नमुना सील जुळलं का, मधले दिवस मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता, वजनात फरक का पडला. टेस्ट शंभर टक्के बरोबर पण रजिस्टरमध्ये एक नोंद नाही म्हणून केस ढिली झालेली मी बघितलीय. सायली, तू नीट आणि प्रामाणिक नोंदी ठेवणारी असशील तर आम्हा वकिलांना, आरोपीला, फिर्यादीला, सगळ्यांनाच तुझी गरज आहे.

नोकरीचं म्हणशील तर बीएनएसएसचं (सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७६(३) वाच. ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक एक्स्पर्टने जागेवर जायचं हे आता कायद्यातच आहे, कायदा १ जुलै २०२४ पासून लागू, हे कलम अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत. माणसं लागणारच.

डिचोलीची_सायली

वकीलकाका, मावशी, ताई, खूप खूप थँक्स. तुमचे मेसेज आईला वाचून दाखवले, आता ती मढ्यांचं बोलत नाही, कोर्टात एकटीने उभं राहावं लागेल का हे विचारतेय. माझी प्राथमिक शाळा मराठी मीडियमची, इंग्रजी बोलताना अडखळते. आणि मॅथ्स नाही त्याचं काय?

पिपेटवाली_मावशी

आईला सांग, प्रत्येक केसला जावं लागत नाही, ठराविक सरकारी तज्ज्ञांचा रिपोर्ट कायद्याने तसाच पुराव्यात घेता येतो, कोर्टाला वाटलं तर बोलावतात. साक्ष द्यायला गेलीस तरी सरकारी वकील असतात, जज्ज असतात, एकटी नसतेस. मीही मराठी शाळेतलीच. रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो पण भाषा ठरलेली असते, शंभर रिपोर्ट वाचलेस की येते. जे केलं तेच सांगायचं, जे केलं नाही ते केलं नाही म्हणायचं, एवढ्याला फाडफाड इंग्रजी लागत नाही. मॅथ्सचं म्हणजे बॅलिस्टिक्स आणि फिजिक्सला अडेल, केमिस्ट्री-बायोलॉजीला नाही, फक्त डीएनएला जायचं असेल तर स्टॅटिस्टिक्स मनापासून शिक, दोन प्रोफाइल जुळले म्हणजे काय हे शेवटी त्यातच सांगायचं असतं.

कुर्टी_हॉस्टेल

गोव्यातल्या सरकारी जागेसाठी १५ वर्षं रहिवासाचा दाखला आणि कोकणी लागते, मराठी येत असेल तर चांगलंच, त्यात तू मागे नाहीस. जीपीएससी (गोवा लोकसेवा आयोग) आणि गोव्याच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जुन्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना आईबरोबर बसून वाच, बीएस्सीला कुठला विषय घ्यायचा ते त्यावरून ठरव. आणि कॅम्पस बघायचा असेल तर मेसेज कर, मी फोंड्याच्या बसस्टँडवर येईन, आईलाही घेऊन ये.