टर्नर चिक्कू होता, पण...

इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नरबद्दल 'टर्नर पक्का चिक्कू, तो कसलं दान करणार' असं म्हटलं जातं, ते अर्धंच पटतं. चिक्कू होताच, पण साठवत कशासाठी होता? अडचणीतल्या चित्रकारांना मदत करणारी संस्था लंडनमध्ये १८१४ साली निघाली, तिच्या संस्थापकांत हा होता आणि बरीच वर्षं खजिनदारही. ती आजही चालू आहे. शिवाय लंडनजवळच्या ट्विकनहॅमला घेतलेल्या जमिनीवर म्हाताऱ्या, गरीब चित्रकारांसाठी घरं बांधायची असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. १८५१ मध्ये तो गेला, नातेवाईक कोर्टात गेले आणि १८५६ च्या तडजोडीत चित्रं देशाला मिळाली, पैशाचा मोठा वाटा नातेवाइकांना. घरं बांधायची राहिलीच! (आपल्याकडच्या इस्टेटीच्या भांडणांसारखंच.)

'जलरंगात चुकलं की संपलं' असं म्हणतात, तेही टर्नरच्या बाबतीत लागू नाही. १८१८ मध्ये फार्नली हॉल या हवेलीत पाहुणा असताना यजमानाच्या मुलासमोर त्याने युद्धनौकेचं चित्र काढलं, तेव्हा आधी ओला रंग कागद पार भिजेपर्यंत ओतला, मग खरवडलं, ओरबाडलं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत जहाज तयार. खरवडायला अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं असे. मीही लाटांचा फेस ब्लेडच्या टोकाने काढते, पण त्यासाठी जिलेटिनचं सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप) असलेला जाड कागद लागतो. साध्या ड्रॉइंग पेपरवर केलंत तर नुसते बोळे सुटतात. आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय ब्लेड लावू नका.