मॅनेजरच्या इंटरव्ह्यूला उत्तरं पाठ करून जायची का?

शिफ्टइनचार्ज_चाकण: 11 वर्षं सुपरवायझर आहे, आता दुसरीकडून प्रॉडक्शन मॅनेजरसाठी बोलावणं आलंय. भाचा म्हणतो मामा स्टार पद्धतीने दहा उत्तरं लिहून पाठ कर, म्हणजे परिस्थिती काय होती, तुझ्यावर काय सोपवलं होतं, तू काय केलंस, निकाल काय लागला. मला हे दहावीच्या गाईडसारखं वाटतं. केलंय ते सांगता येईलच की.

हिंजवडीत_अडकलेला: नाही येत काका. मला विचारलं, टीममधल्या दोघांचं पटत नव्हतं तेव्हा काय केलंत, आणि मी त्यांचं भांडणच सांगत बसलो दहा मिनिटं, मी काय केलं ते राहूनच गेलं. अ‍ॅमेझॉनवाले तर स्वतःच सांगतात स्टारमध्ये उत्तर द्या, त्यांची 16 लीडरशिप प्रिन्सिपल्स उघड लिहिलेली आहेत, त्यावरच विचारतात.

क्वालिटीवाली: चाकणच्या प्लांटला अ‍ॅमेझॉन कशाला? मी पॅनेलवर बसते, पाठांतर दुसऱ्या वाक्याला कळतं. एकाने ठोकलं, ओईई, म्हणजे मशीनची एकूण कार्यक्षमता, 60 वरून 92 टक्क्यांवर नेला. म्हटलं ज्यांच्या गुणाकाराने तो येतो ते तिन्ही आकडे सांगा. अव्हेलेबिलिटी 85, परफॉर्मन्स 90, क्वालिटी 98. अहो गुणाकार करा, धड 75 पण येत नाही!

हिंजवडीत_अडकलेला: मग तो थापेमुळे पकडला गेला ना, तयारीमुळे कुठे? तयारी केली असती तर गुणाकार घरीच झाला असता 😄

नोटीस_पिरियड: सगळं आधीच ठरलेलं असतं, ओळख लागते.

क्वालिटीवाली: गुणाकाराचं मान्य. पण मी हमखास विचारते, गणपतीत निम्मी लाईन कोकणात, डिस्पॅच थांबत नाही, कसं चालवलंत? ज्याने केलंय तो लगेच सांगतो कुणाची रजा आधी मंजूर केली, कुणाला दिवाळीचा शब्द दिला, नवीन कंत्राटी पोरं कुठल्या मशीनला लावलीच नाहीत. पाठ करणारा म्हणतो "टीमला मोटिव्हेट केलं". आणि सारखं आम्ही केलं, आम्ही केलं. तुम्ही काय केलंत?

शिफ्टइनचार्ज_चाकण: गणपतीच्या रजांचा चार्ट मी महिनाभर आधीच लावतो. पण ते "मी" म्हणायला जीभ वळत नाही हो, शिफ्ट सगळ्यांनी मिळून काढलेली असते.

हिंजवडीत_अडकलेला: म्हणून तर म्हणतोय, आधी मोठ्याने बोलून बघा.

क्वालिटीवाली: बोलून बघा, याला माझी ना नाही. लिहून घोकू नका. भाच्याला समोर बसवा आणि दर वाक्याला मधेच तोडायला सांगा.

शिफ्टइनचार्ज_चाकण: त्याला सांगावं लागत नाही. आज सेकंड शिफ्ट आहे, उद्या बसवतो.