क्षितिज वर सरकवलं की सत्ता दिसते

शहराला पडलेल्या लष्करी वेढ्याची निसर्गचित्रं म्हणजे रंगवलेले नकाशे, सत्ता पाहायची तर राजांची व्यक्तिचित्रं बघा, असं काहीजण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

ब्रेडाचंच उदाहरण घ्या. १६२४-२५ मध्ये स्पेनचा सेनापती स्पिनोला याने हे डच शहर वेढलं. तटावर थेट हल्ला करण्याऐवजी रसद तोडून उपासमारीने ते घेतलं. या विजयावर झाक कालो या मुद्राचित्रकाराने सहा तांब्याच्या पत्र्यांवरून भलंमोठं मुद्राचित्र केलं, आणि ते करवून घेतलं स्पॅनिश नेदरलँड्सची शासक इसाबेला हिच्या दरबाराने. त्यात क्षितिज पार वर सरकवलंय. त्यामुळे आपण उभे राहतो ते सेनापतीच्या जागी. खाली घोडेस्वार आणि छावणीची गर्दी एवढी ठळक, की माणसांचे हावभाव दिसतात. शहर मात्र दूर, खंदकांच्या कड्यात अडकलेलं, तळहाताएवढं. आत भुकेने मेलेल्यांपैकी एकही दिसत नाही. शहर कुणाच्या मुठीत आहे, हे सांगायला इथे राजाचा चेहरा लागतच नाही!

स्पेनचा दरबारी चित्रकार वेलाझ्केझ याने १६३५च्या सुमारास हाच प्रसंग रंगवला. त्याने ब्रेडा पाहिलंही नव्हतं. शहराची किल्ली देणारा डच सरदार जस्टिन आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा स्पिनोला सगळ्यांना आठवतात. पण उजवीकडचे ते ताठ भाले आणि मागचा धूर, पाण्याने भरलेली निळसर जमीन झाकून बघा. उरेल फक्त दोन सरदारांचं सौजन्य. हे चित्र माद्रिदच्या राजवाड्यात लागल्यावर दोनच वर्षांत, १६३७ मध्ये, डचांनी ब्रेडा परत घेतलं.