रविवारच्या पलीकडचं चर्च

ताई, "छोट्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेपलीकडे काय असतं?" असं तुम्ही विचारलंत. आमच्या सोलापूरचं सांगते. १९७० साली सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यातलीच आमची मंडळी. शनिवारी संध्याकाळी तरुण संघाची मुलं झाडलोट करतात, बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. पण मला सगळ्यात जवळची आहे ती मूठ. भाकरीचं पीठ मळण्याआधी बायका मूठभर ज्वारी डब्यात बाजूला टाकतात. महिनाअखेरीस ते डबे वेदीपुढे रिकामे होतात, कडकड आवाज करत, आणि धान्य गरजू घरी पोचवलं जातं. कुणाच्या घरी, ते आम्ही बोलत नाही. तुम्ही बुधवारी याच, चहा असतोच.