‘होल्ड’ या इंग्रजी क्रियापदाला मराठीत एकच प्रतिशब्द चालेल का?

कृष्णाकाठ, सातारा

नमस्कार. आमच्या पतसंस्थेच्या पोटनियमांचा इंग्रजी मसुदा मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात ‘होल्ड’ हे क्रियापद पानोपानी आहे आणि दर ठिकाणी त्याचा अर्थ निराळा दिसतो. सभा ‘होल्ड’ करायची, सभासद भाग (शेअर) ‘होल्ड’ करतो, अध्यक्ष पद ‘होल्ड’ करतो, ठेवीची रक्कम ‘होल्ड’ होते आणि नुकसानीबद्दल संचालकांनाही जबाबदार ‘होल्ड’ केले जाते. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, नियमांत एका इंग्रजी शब्दाला सर्वत्र एकच मराठी शब्द असावा, म्हणून सगळीकडे ‘धारण करणे’ योजावे. ‘सभा धारण करण्यात येईल’ हे मला वाचवत नाही, पण त्यांना पटेल असा आधारही हाताशी नाही. शिवाय कोशांत कीप, कंटेन, रिटेन, पझेस हे ‘होल्ड’चे समानार्थी म्हणून दिलेले असतात. ते खरोखर एकमेकांच्या जागी चालतात का?

वाईचे मास्तर

या क्रियापदाचा अर्थ त्याचे कर्म ठरवते, हे एकदा ध्यानात घेतले की पुष्कळसा गुंता सुटतो. हात, दोरी, मूल असे कर्म असेल तर धरणे. सभा, परीक्षा, निवडणूक असेल तर घेणे किंवा भरवणे. मत असेल तर बाळगणे. श्वास असेल तर रोखणे. कर्म न पाहता प्रतिशब्द नेमणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल शिवणे.

मूळही पाहण्याजोगे आहे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘हेआल्डन’ असे होते आणि त्याच्या गॉथिक भावंडाचा अर्थ गुरे राखणे असा होता. आपले ‘राखणे’ जवळजवळ याच वाटेने गेले आहे. गुरे राखणे, शेत राखणे, मान राखणे, आघाडी राखणे, जागा राखून ठेवणे, या सर्वांत सांभाळणे आणि हातचे जाऊ न देणे असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. म्हणून ‘होल्ड’ला जवळचा शब्द शोधताना ‘धारण’पाशीच थांबू नये.

समानार्थी शब्दांबद्दल विचारलेत, तर ‘होल्ड’ आणि ‘कंटेन’ यांतला भेद आपल्या जिल्ह्यातच दाखवता येतो. कोयना धरण १०५.२५ टीएमसी पाणी ‘होल्ड’ करते, ही झाली त्याची क्षमता, आणि ती मे महिन्यातही तेवढीच असते. त्या दिवशी जलाशयात प्रत्यक्ष असलेला साठा सांगायचा तर ‘कंटेन’. मराठीत पहिल्याला ‘मावते’ आणि दुसऱ्याला ‘आहे’ इतके साधे शब्द पुरतात. ‘कीप’मध्ये सातत्याचा किंवा कायमचे ठेवून घेण्याचा भाव असतो. ‘माझी पिशवी जरा होल्ड करा’ असे म्हटले तर ती परत मिळते, ‘कीप करा’ म्हटले तर गेली. ‘रिटेन’ म्हणजे जाऊ शकणारी वस्तू आपल्याकडेच राहू देणे. त्यामुळे काळी जमीन ओल टिकवून धरते, तिथे ‘रिटेन’ शोभते.

सभेपुरते सांगायचे तर बोलावणे म्हणजे ‘कन्व्हीन’, चालवणे म्हणजे ‘कंडक्ट’ आणि भरवणे किंवा घेणे म्हणजे ‘होल्ड’. इंग्रजीतला कर्मणी प्रयोगही जसाच्या तसा ओढून आणू नका. बाजार भरतो, यात्रा भरते, सभा होते. मराठीला इथे भरवणारा सांगावाच लागत नाही. ‘आयोजित करण्यात येईल’ हे शेपूट सरकारी पत्रकांनी लावले, आणि आता ते लग्नपत्रिकांतही आले आहे.

सांगली न्यायालयातील एक वकील

मास्तरांचे विवेचन भाषेच्या दृष्टीने पटते, पण आपल्या ज्येष्ठ सदस्यांची बाजूही अगदीच टाकाऊ नाही. कायद्यात ‘धारण करणे’ हा पारिभाषिक शब्द आहे आणि भाग, जमीन व पद या तीन ठिकाणी तो बदलू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातील कलम २८ भाग धारण करण्यावर मर्यादा घालते. साधारणपणे एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून अधिक भाग धारण करता येत नाहीत. तिथे ‘बाळगणे’ किंवा ‘जवळ असणे’ लिहिले तर उद्या वाद उभा राहील.

‘पझेस’ला मात्र ‘होल्ड’चा समानार्थी मानू नका. जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात जमीन धारण करणे याची व्याख्या कायदेशीर कब्जा असणे अशी आहे आणि तो कब्जा प्रत्यक्ष असो वा नसो, असे पुढे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मालक मुंबईला नोकरीत असला आणि रान भाऊबंद कसत असले, तरी धारणा मालकाचीच राहू शकते. उलट, दुसऱ्याच्या बांधावर नांगर घालणाऱ्याकडे कब्जा असतो, धारणा नसते.

न्यायालय ‘होल्ड’ करते तेव्हा ते ‘ठरवते’ किंवा ‘निर्वाळा देते’. वर्तमानपत्रांत येणारे ‘निकाल राखून ठेवला’ हे ‘रिझर्व्ह’चे भाषांतर आहे, ‘होल्ड’चे नव्हे, दोहोंची गल्लत नेहमी होते. वार्षिक सर्वसाधारण सभेबाबत सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७५ आहे. तिथे ‘बोलावणे’ आणि ‘घेणे’ या दोन क्रिया वेगळ्या ठेवा, कारण बोलावलेली सभा गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेसे सभासद न आल्याने, तहकूबही होते.

वाळव्याचा ऊसवाला

‘धरणे’ या साध्या शब्दाला दोघांनीही लवकर निरोप दिला, असे मला वाटते. जबाबदार धरणे, दोषी धरणे, डूख धरणे, तग धरणे, या सर्व जागी इंग्रजीत ‘होल्ड’च येतो आणि मराठी वाक्य कुठेही अडखळत नाही. आमच्याकडे रात्रीची वीज आली की माणूस उसात दारे धरायला जातो. तिथे तो हातात खोरे घेऊन पाणी एका सरीतून दुसरीत वळवत असतो, आणि ‘होल्ड’चा एकही अर्थ तिथे बसत नाही. म्हणजे मराठी शब्दालाही स्वतःचे रान आहे.

किल्ल्याच्या बाबतीत मात्र ‘धरणे’ नको. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला भांडवला, म्हणजे लढून राखला, आणि १७०० च्या एप्रिलमध्ये तो मोगलांकडे गेला. इंग्रज इतिहासकार इथे ‘होल्ड’ लिहील. ‘भांडवणे’ हा शब्द बखरींबरोबर मागे पडला, याची मला हळहळ वाटते.

कृष्णाकाठ, सातारा

सर्वांचे आभार. सभा घेणे, भाग व पद धारण करणे, जबाबदार धरणे, असे आता मसुद्यात घेतो. ठेवीच्या रकमेचे तेवढे राहिले. तिथे ‘गोठवणे’ लिहावे असे आमचे सचिव म्हणतात.

सांगली न्यायालयातील एक वकील

‘गोठवणे’ हे ‘फ्रीझ’साठी राखून ठेवा, त्यात सहसा संपूर्ण खात्याचा व्यवहार थांबतो. इथे रक्कम खातेदाराच्या नावावरच राहते, फक्त तेवढी काढता येत नाही, म्हणून ‘रोखून ठेवणे’ लिहावे. आणि त्या कलमात रक्कम कोण रोखील व किती मुदतीपर्यंत, हेही लिहा; इंग्रजी मसुद्यात ते बहुधा नसेल.