मदत हवी: जुन्या कपड्यांचे कट्टे (पोती) रविवारच्या आत कुठे द्यायचे?

रेवाकाठ:
नमस्कार. कोणीतरी लवकर सांगा. जमवलेले कपडे घ्यायला आता कोणी तयार नाही आणि मंडळाचा हॉल रविवारी सकाळी रिकामा करून द्यायचा आहे, हळदीकुंकू आहे. ज्यांना द्यायचे होते त्यांनी आयत्या वेळी हात वर केले. टेम्पोवाला रोज फोन करून राहिला आहे. ग्रुपवर मेसेज टाकला की सगळे हात जोडलेली इमोजी टाकतात, येत कोणी नाही. कोणी अशी मोहीम केली असेल तर काय केलं ते सांगा. "छान उपक्रम" लिहू नका कृपया.

अण्णा_रामबाग:
छान उपक्रम. पण कपडे कसले, किती, आणि घेणार कोण होतं?

घरबश्या:
पुण्यात असाल तर माझ्या मेव्हणीची एका आश्रमात ओळख आहे.

रेवाकाठ:
इंदूर हो! राजेंद्रनगर. कपडे म्हणजे जुने कपडे, सगळ्या प्रकारचे.

अण्णा_रामबाग:
"सगळ्या प्रकारचे" इथेच पाणी मुरतंय. किती आहेत?

रेवाकाठ:
अर्धा हॉल. तीसेक कट्टे असतील, सुटे ढीग वेगळे. दिवाळीच्या साफसफाईत लोकांनी आणून टाकले. आवाहनात "काहीही चालेल" असं लिहिलं होतं. ते मी लिहिलेलं नाही, ज्याने लिहिलं तो सध्या फोन उचलत नाही.

सीए_फडताळ:
एक महत्त्वाचा मुद्दा कोणी मांडला नाही. वस्तुरूपात दिलेल्या दानावर आयकरातली वजावट, लोक जिला ८०जी म्हणतात ती, मिळत नाही. रोख दिलं तर २,००० रुपयांपर्यंतच, त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन. नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जी विसराच. आणि संस्था नोंदणीकृत असेल तर मिळालेल्या दानांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरावं लागतं.

रेवाकाठ:
अहो काका, पावती कोणी मागितलीच नाही. मला कपडे हलवायचेत.

सीए_फडताळ:
आज नाही मागितली. मार्चमध्ये मागतील.

बडोदेकर:
ताई, मी बडोद्याचा. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला, त्यानंतर आम्ही पोरं ट्रक घेऊन कच्छात गेलो होतो. भचाऊच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडलेले. देशभरातून आलेले, कोणी उचलत नव्हतं, गुरं त्यावर बसलेली. तिकडच्या बाया घागरा-ओढणी नेसणाऱ्या, त्यांना आपण पाठवल्या नायलॉनच्या साड्या आणि ऑफिसच्या पँटी. आमच्याही ट्रकमध्ये तेच होतं. तंबू आणि पाण्याच्या टाक्या घेऊन येणारे ट्रक त्या ढिगांमुळे अडत होते. म्हणून विचारतो, घेणाऱ्यांनी नाही का म्हटलं?

घरबश्या:
धर्माची गाय आणि दात का गं नाय! फुकट मिळतंय तर घ्यावं माणसाने. थंडीत कुडकुडणाऱ्याला फॅशन सुचते का?

बडोदेकर:
थंडीत कुडकुडणाऱ्याला हूक तुटलेलं ब्लाउज देऊन बघा तुम्ही.

रेवाकाठ:
झाबुआकडचं एक वसतिगृह घेणार होतं. त्यांनी फोटो मागवले, मी पाठवले, त्यावर ते नाही म्हणाले. शाळेत जाणारी मुलं आहेत, स्वेटर आणि गणवेशाच्या पँटी हव्या होत्या. फोटोत काय होतं तर जरीची शेरवानी. खिशात आहेराची रिकामी पाकिटं तशीच. एका पिशवीत नुसत्या डाव्या पायाच्या चपला. स्वेटर आहेत, पण कुठल्या कट्ट्यात ते देवाला ठाऊक.

अण्णा_रामबाग:
म्हणजे निवड केलेलीच नाही!

रेवाकाठ:
कोण करणार? भंवरकुआंच्या कोचिंगची पोरं होती, पीएससीची तयारी करणारी. जमवायला, बॅनर धरायला, फोटोला सगळी हजर. आता म्हणतात परीक्षा आहे. बहुतेक खरंच आहे. पण रागावणार कोणावर?

पोहेजलेबी:
भिया, पोरांना दोष नका देऊ. रविवारी सकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खाऊ घालतो म्हणा, वीस जण धावत येतात की नाही बघा.

अण्णा_रामबाग:
पोहे राजवाड्याकडचे. छप्पनवर आता पाहुणे जातात.

पोहेजलेबी:
अण्णा, वरून जीरावण मसाला टाकला की सगळीकडचे सारखेच.

अण्णा_रामबाग:
हे इंदूरच्या माणसाने बोलावं?

रेवाकाठ:
रविवार सकाळपर्यंत तर हॉल द्यायचाय!!

तळ्यातमळ्यात:
गूंज ही संस्था बघा. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते कपडे फुकट वाटत नाहीत. गावकरी विहीर उपसतात, रस्ता नीट करतात आणि त्या कामाच्या बदल्यात कपडे घेतात. जुन्या सुती कपड्यांचे ते सॅनिटरी पॅडही बनवतात. आपल्याकडे सगळ्यांनी हेच करायला हवं. मी यावर पूर्वी सविस्तर लिहिलं आहे.

रेवाकाठ:
वाचेन नक्की. पण रविवार...

निमाताई:
रेवा, बाकीचं सोड आणि हे वाच. मी बरीच वर्षं हे केलंय. आता घेणारा शोधत बसू नकोस, आधी ढीग मोड. शेजारच्या चार बायका बोलव, कॉलेजची पोरं नकोत. ती प्रत्येक टी-शर्टवर काय लिहिलंय ते वाचत बसतात. सतरंजीवर ओत आणि हातात येईल तो कपडा उजेडाकडे धर. विरलेला लगेच दिसतो. मग चेन वर-खाली करून बघ, इलास्टिक ताणून बघ, आणि नाकाशी ने. कुबट वास येतो तो बाजूला, तो धुऊनही जात नाही. वापरलेले आतले कपडे सरळ बाहेर, तिथे दयामाया नको.

सगळ्यात आधी स्वेटर, शाली, मुलांचे गरम कपडे. जोड्या सुतळीने बांध, कागदाच्या चिकटपट्टीवर वय लिही, "मुलगा ८ वर्षं" असं. मग त्याच वसतिगृहाला पुन्हा फोन कर आणि नुसता या गठ्ठ्याचा फोटो पाठव. माझा अंदाज, घेतील.

सुती बनियन, धोतरं, चादरी, विटलेल्या सुती साड्या गॅरेजवाले आणि छापखानेवाले मशीन पुसायला घेतात. सुतीच हं, टेरिकॉट तेल पीत नाही म्हणून ते हात लावत नाहीत. मऊ साड्या वेगळ्या ठेव, गोधड्या शिवणाऱ्या बायका मिळतील. आणि उरलेलं चांगल्यापैकी बोहारणीला दे.

तळ्यातमळ्यात:
बोहारणीला?? लोकांनी गरिबांसाठी दिलेले कपडे, त्यावर स्टीलची भांडी घ्यायची?

निमाताई:
भांडी मी घे म्हटलं का? नुसते देऊन टाक. बोहारीण गरीब नाही, हे तुला कोणी सांगितलं? ती दारोदार फिरते, कपडा घेते, बटण लावते, इस्त्री करते आणि विकते.

बडोदेकर:
बरोबर. अमदावादला दिल्ली दरवाज्याजवळ जुन्या कपड्यांचा बाजार भरतो, वाघरी समाजाच्या बायका चालवतात. तिथून घेणारा मजूर स्वतः निवडून, पैसे मोजून घेतो. आपण वाटतो तेव्हा त्याला निवडता येत नाही.

तळ्यातमळ्यात:
तरी देणाऱ्याला सांगायला हवं. मी दिलेला कोट उद्या बाजारात टांगलेला दिसला तर मला फसवल्यासारखं वाटेल.

अण्णा_रामबाग:
दहा वर्षं कपाटात टांगलेला होता तेव्हा काही वाटलं नाही?

घरबश्या:
एवढ्या उठाठेवीपेक्षा नवीन ब्लँकेटं घेऊन एमवाय हॉस्पिटलच्या बाहेर वाटली असती. पेशंटचे नातेवाईक रात्री उघड्यावर झोपतात.

निमाताई:
त्याला विरोध नाही. पण ती स्वस्तातली ब्लँकेटं कुठून येतात माहीत आहे? बरीचशी पानिपतहून. जुने लोकरी कपडे रंगाप्रमाणे वेगळे करतात, फाडून पिंजतात, पुन्हा सूत काढतात. रंग एकत्र निवडतात म्हणून पुन्हा रंगवायचा खर्च वाचतो.

सीए_फडताळ:
टेम्पोचं भाडं कोण देणार आहे? वर्गणी काढली का?

रेवाकाठ:
हो, एका मुलाच्या यूपीआयवर जमा झाली.

सीए_फडताळ:
मला वाटलंच होतं! नात्यात नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात एकूण ५०,००० रुपयांच्या वर आले तर सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. आणि त्यात परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कोणा भाच्याने पाठवले असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. भारतीय पासपोर्टवाला भाचा असेल तर तो प्रश्न नाही, मग तो राहो कुठेही.

रेवाकाठ:
साडेचार हजार आहेत हो सगळे मिळून. भाचा नाही त्यात कोणी.

सीए_फडताळ:
तरी हिशेब लिहून ग्रुपवर टाका. रक्कम लहान असली की जास्त बोलतात लोक.

निमाताई:
हे मात्र बरोबर बोलले.

पोहेजलेबी:
महापालिकेचं आरआरआर केंद्र विचारलं का? २०२३ मध्ये पर्यावरण दिनाच्या आधी देशभर सुरू झाली होती, जुने कपडे, पुस्तकं, खेळणी घेतात. झोन ऑफिसात विचारा, जवळचं कोणतं चालू आहे. बुरशी लागलेलं तिथे नका नेऊ, ते कचरागाडीत द्या. आणि सगळ्या डब्यांत कोंबू नका. आपल्या गाडीत सहा भाग असतात, गाडीवाले दादा ओरडतात.

रेवाकाठ:
काल रात्री आई, दोन काकू आणि समोरच्या वहिनी बसल्या. निम्मं झालं. स्वेटरांचे चार कट्टे निघाले, वसतिगृहाला फोटो पाठवला. सर म्हणाले, "असं आधी का नाही पाठवलं?" शनिवारी टेम्पो जाईल. सुती कपडे रिंगरोडवरच्या एका गॅरेजवाल्याने तोलून घेतले, पैसे देत होता, मी नाही घेतले.

सीए_फडताळ:
घ्यायचे होते. टेम्पोच्या खात्यात जमा दाखवता आले असते.

निमाताई:
शाब्बास. आणि ती शेरवानी?

रेवाकाठ:
ती बँडवाल्याने नेली. खूश होता. आता जीन्स उरल्यात, ढीगभर, बहुतेक कमरेला मोठ्या. त्याचं काय करतात? फुटपाथवरच्या दोघांनी बघून परत केल्या, म्हणाले धुतली की दोन दिवस वाळत नाही, आमच्याकडे दुसरी कुठे आहे.

बडोदेकर:
हे कोणालाच सुचत नाही बघा. भाजीच्या पिशव्या शिवून घ्या, जीन्सची पिशवी फाटत नाही.

निमाताई:
साधी मशीन जाड जीन्सला सुई मोडते. चपला-पर्स शिवणाऱ्या कारागिराकडे ने, सियागंजच्या बाजूला चौकशी कर.

घरबश्या:
एक विचारू? माझ्याकडे एक जुनं कपाट आहे, लाकडी. चांगलं आहे, फक्त एक दार निघालंय. कोणाला दान करता येईल का?

रेवाकाठ:
नाही.