मदत हवी आहे: रावेरच्या उन्हात बीएसएफच्या अळ्या जगवायच्या कशा?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात केळीची बाग आहे, कडेला दीडशे गावरान कोंबड्या. मका घरचा, पण सोयाबीन पेंड विकतची, आणि अंड्यांचा बराच पैसा तिच्यातच जातो. म्हणून दिवाळीनंतर पेंडेऐवजी कोंबड्यांना घालायला ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या, म्हणजे बीएसएफच्या, अळ्या सुरू केल्या. आई म्हणते, "लोकं माशा मारी राहिले, अन् हा पाळी राहिला!" ही घरमाशी नव्हे, मोठी झाल्यावर अन्नावर बसत नाही, अंडी घालून आठवडाभरात संपते, हे सांगून झालं. पटलेलं नाही.

फेब्रुवारीत मस्त चाललं होतं. व्यापाऱ्याने बाजूला काढलेली केळी चेचून क्रेटमध्ये टाकायची, पंधरा-अठरा दिवसांत अळ्या तयार. काळपट झाल्या की आपणहून उतार चढून बाहेर येतात, वेचायचं कामच नाही.

एप्रिलपासून घडी विस्कटली. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४४ अंश. बारक्या अळ्याही क्रेट सोडून पळतात, तळाला सरबत साचतं, आंबूस वास सुटतो. शेजारच्या काकांनी दोनदा ऐकवलं. माशा पुठ्ठ्याच्या खाचांत अंडी घालतात, पण ती सुकतात, फुटतच नाहीत. त्यात मी पेंड पूर्ण बंद केली, तर कोंबड्यांची अंडीही घटली. शिवाय केळीचे खांब चिरून टाकले तर चालतील का?

प्रतिसाद, चोपड्याहून:
भाऊ, आधी शेड सोडा, क्रेट बागेच्या सावलीत न्या. थर दोन-तीन बोटांचाच ठेवा. अळ्या दाटीने खातात तेव्हा त्यांचीच ऊब होते, वर पत्रा म्हणजे भट्टीच. केळीत गव्हाचा कोंडा कालवा, मूठ दाबल्यावर जेमतेम थेंब गळावा. अंड्यांचा पुठ्ठा कोरडा ठेवा, भोवती ओलं गोणपाट बांधा. माशांची जाळी मात्र अंधारात नको, उजेडाशिवाय त्या जुळत नाहीत.

वाळलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रोटीन धरतात, पण नुसत्या केळीवर पोसलेली अळी चरबीच जास्त धरते. अंडी घटली ती त्यामुळेही असतील. पेंड परत सुरू करा, मग थोडी थोडी कमी करत बघा. खांबात तंतूच फार, ते गांडूळखताला घाला.

धागाकर्ता:
आजच हलवतो. पण बागेत मुंग्या फार आहेत, त्यांचं काय?

प्रतिसाद:
क्रेट घोडीवर, म्हणजे उंच स्टँडवर, ठेवा आणि तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत. आजी दुधाच्या कपाटाला करायची तसंच.